तेराव्यापर्यंतचं पाणी

जिन्यावर दमानं पावलं वाजायला लागली की मला कळायचं, भागवतराव आले. माझ्या ऑफिसला अठरा पायऱ्या आहेत. पूर्वी ते खांद्यावर वीस लिटरचा जार घेऊन एका दमात वर यायचे. मागच्या वर्षापासून नवव्या पायरीवर थांबायला लागले. जार टेकवायचे, "अरे देवा" म्हणायचे, आणि मग उरलेल्या नऊ चढायचे. मी वरून ओरडायचे, "अहो, ठेवा तिथंच, मी बघते काहीतरी!" ऐकतील तर शपथ. "तुम्ही काय बघता ताई, तुमचं तुम्हालाच व्हईना," असं म्हणत वर यायचे आणि जार उलटा करून स्टँडवर बसवायचे. थेंब सांडायचा नाही.

मी उमा. जालन्यात, मस्तगडात, भांड्यांच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. लहान दुकानदारांची बिलं, हिशेब, जीएसटीचे रिटर्न, असली कामं मी पंचवीस वर्षं करतेय. दमलेय, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्या बोलण्याला कुणी नावं ठेवायला नकोत. मान दुखते, डोळे चुरचुरतात, आणि माणसं एकच प्रश्न चार वेळा विचारतात. अभिमान म्हणाल तर एकाच गोष्टीचा. पंचवीस वर्षांत माझ्या हातून आकडा चुकलेला नाही. कुणीही यावं आणि तपासावं.

भागवतराव हसनाबादचे, शेतकरी घरातले. भावांत वाटण्या झाल्यावर आपल्या तुकड्यात भागणार नाही हे ओळखून ते एकोणीस वर्षांपूर्वी जालन्यात आले आणि जारची लाईन धरली. लाईन म्हणजे ठरलेली घरं. पहाटे चारला उठायचं, गावाबाहेरच्या प्लांटवरून जार भरून घ्यायचे, टेम्पोत टाकायचे आणि जुन्या जालन्याच्या गल्ल्यांतून दुपारपर्यंत वाटत फिरायचं. आमच्याकडे नळाच्या भरवशावर कुणी पाहुणे बोलावत नाही, त्यामुळे जारवाला हा दूधवाल्याइतकाच घरचा माणूस. बायको, कौसल्याबाई, गावीच राहिल्या. शेत होतं, म्हैस होती, आणि म्हाताऱ्या सासूबाई होत्या, चतुराबाई. एकोणीस वर्षं ही नवरा-बायको महिन्यातून एका रात्रीपुरती भेटत आली, कारण बिलं. पहिल्या तारखेला बिलं लिहायला बसायचं, मग ती घरोघर द्यायची, मग पैशाला फिरायचं, की झाली बारा तारीख. आणि जार तर रोजचेच.

जानेवारीत एक दिवस ते जार न घेता वर आले. हातात बियाण्याची रिकामी पिशवी होती, तिच्यात वह्या कोंबलेल्या.

"ताई, बिल आपोआप गेलं पाह्यजे, असं काहीतरी करून द्या."

"आपोआप म्हणजे?"

"म्हंजी मी झोपलेला असलो तरी गेलं पाह्यजे."

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा हसण्यातला नव्हता. खुर्चीवर बसतानाच त्यांनी दोन्ही हातांनी कंबर धरली होती. डॉक्टरांनी मणक्यात गॅप सांगितला होता. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. त्यांच्या एका जारचं वजनच वीस किलो.

"मंग आता काय करता?" मीसुद्धा त्यांच्यासारखंच बोलायला लागते त्यांच्याशी.

"लाईन इकून टाकतो. राधेश्याम घेऊन राह्यला."

राधेश्यामला मी ओळखत होते. तरुण माणूस, स्वतःचा पाण्याचा प्लांट, अर्ध्या गावात त्याचेच जार. घरटी ठरावीक रक्कम द्यायला तो तयार होता, पण त्याची अट होती. सलग तीन महिने सगळ्या घरांना एकाच तारखेला, एकाच ठरल्या रकमेचं, कॉम्प्युटरचं बिल गेलेलं दिसलं पाहिजे. वहीवरच्या गिऱ्हाइकावर त्याचा विश्वास नव्हता. जुनी घरं किती, हेही त्याला बघायचं होतं, म्हणून वह्यांची पिशवी.

"आणि पैसे आले की?"

"की हसनाबाद. कौसल्याचा फोन आल्ता. म्हणली, यायचं असंल तर आत्ताच या, चालत या. चौघांनी उचलून आणलेला नवरा मला नको."

बाई तोंडानं फटकळ आहे, पण मला आवडली. त्या दिवसापासून भागवतरावांचं काय पणाला लागलंय हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलं. तीन महिने, तीन बिलं, आणि ह्या माणसानं स्वतःच्या पायांनी घरी जायचं.

काम सोपं होतं. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव, मोबाइल, महिन्याची रक्कम एकदा भरायची, आणि दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी सात वाजता बिल जावं असं लावून द्यायचं. मग ते महिन्यामागून महिने जात राहतं, कुणी हात लावावा लागत नाही. एका दुपारचं काम, असं मी म्हणाले. आठ दुपारी गेल्या.

कारण एकशे बारा घरांपैकी शंभरांची नावंच भागवतरावांना माहीत नव्हती.

"पहिलं घर. नाव सांगा."

"लाल गेटवाले."

"अहो, नाव!"

"आता लाल गेटवालेच म्हणतो आपण त्यांना. गेट निळं केलंय त्यांनी, पण लालच."

पुढे तुळशीवाले, मग आंधळ्या कुत्र्याचे, मग हार्मोनियमवाले, मग वरच्या मजल्यावरचे भांडखोर. मी कपाळावर हात मारला. भांडखोर म्हणून बिल पाठवायचं होतं का मी? मग रोज दुपारी जार टाकता टाकता ते एकेकाला नाव विचारून यायचे. लोक हसायचे म्हणे, एकोणीस वर्षांनी नाव विचारतोय म्हणून. घरात कोण आजारी, कुणाची मुलगी परत आलीय, कुणाच्या नळाला पाणी चढत नाही, हे सगळं ठाऊक, आणि आडनाव माहीत नाही.

"आणि आमच्या घराला काय म्हणता हो?"

"कोर्टवाले. अण्णांपासून."

अण्णा म्हणजे माझे सासरे, नरहर. अंबडच्या कोर्टात कारकून होते. जालन्याहून रोज एसटीनं जाऊन-येऊन नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यावर अंगणात खुर्ची टाकून बसायचे ते जारवाल्याशी गप्पा मारायला. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली. मी घरात तीस वर्षं राबतेय, पण घर अजून कोर्टवाल्यांचंच. चालायचंच.

सगळं भरून झाल्यावर भागवतराव पडद्याकडे बघत म्हणाले, "ह्यात चुकणार न्हाई ना काही?"

"हे तुमच्यासारखं नाही, भागवतराव. अण्णा गेले त्या महिन्याचं आमचं बिल आठवतंय का? जवळजवळ निम्मंच लावलं होतं तुम्ही. मी मुकाट्यानं भरून टाकलं!"

हा माझा जुना विनोद होता. दरवर्षी एकदोनदा तरी मी तो त्यांना ऐकवायचे, आल्यागेल्यासमोर ऐकवायचे. भागवतराव नेहमीसारखे हसले. "व्हतं कधी कधी," म्हणाले आणि पिशवीचं तोंड बांधायला लागले.

एक फेब्रुवारीला ते सकाळी पावणेसातला माझ्या जिन्यात येऊन बसलेले. मी कुलूप उघडून कॉम्प्युटर लावला. सातला बिलं गेली. एक, दोन, दहा, शंभर. दीड मिनिटात एकशे बारा. ते बघतच राहिले.

"झालं?"

"झालं."

"आता मी काय करू?"

"मला काय विचारता? घरी जा."

आणि खरंच गेले. जारसाठी बदली माणूस लावला आणि चार दिवस हसनाबादला राहिले. परत आले ते पिशवीभर बोरं घेऊन. चेहरा जरा सुटल्यासारखा दिसला. "दोन दिस नुसता निजलो, ताई," म्हणाले. "म्हातारी सारखी येऊन नाकाशी हात धरून बघायची, जिता हाय का म्हणून." मार्चचं बिलही तसंच गेलं, आणि ते पुन्हा चार दिवस जाऊन आले. दोन झाली, एक राहिलं. मला त्यांचा हेवा वाटायला लागला होता, खोटं कशाला बोलू. माझी लाईन कोण विकत घेणार?

सत्तावीस मार्चला ते वर आले तेव्हा मी फायलींच्या ढिगात होते. मार्चअखेर म्हणजे आमचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. फोन थांबत नव्हता, दुपारचे चार वाजले तरी डबा उघडला नव्हता.

"ताई, हार्मोनियमवाले गुरुजी गेले. एकोणीस तारखेला."

"अरेरे," मी मान वर न करता म्हटलं. सोमेश्वर गुरुजी पोरांना हार्मोनियम शिकवायचे. घरात आता एकट्या उषाबाई.

"त्यांचं बिल थोडं कमी करावं लागंल. एकोणीसपासून तेराव्यापर्यंतचं लावायचं न्हाई."

आता मात्र मी मान वर केली. "का?"

"सुतकात बिल नसतं."

"कुठं लिहिलंय असं?"

"ल्ह्यायला कशाला पाह्यजे?" त्यांना माझ्याच प्रश्नाचं नवल वाटलं. "मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. शेजारचे पिठलं-भाकर नेऊन देतेत. त्या भाकरीचे पैसे लावतं का कुणी? मी काय भाकर नेणार, मी पाणीवाला. पाणी नेतो. माणसं येतेत, भेटायला, बसायला, जार जास्ती लागतेत. ठिवून येतो गुमान."

"भागवतराव, हा तिसरा महिना आहे. एकही रक्कम बदलली तर राधेश्याम काय म्हणेल? गिऱ्हाईक पक्कं नाही म्हणेल. त्याला भाव पाडायला निमित्तच पाहिजे. एका घरासाठी एकशे बारा घालवता का?"

"बराबर हाये तुमचं. पण..."

"मग असं करा. बिल जाऊ दे पूर्ण. नंतर उषाबाईंना तेवढे पैसे परत नेऊन द्या. झालं?"

त्यांनी नाही अशी मान हलवली. मग म्हणाले, "घेऊन परत देणं येगळं, ताई. न मागणं येगळं."

आणि माझं डोकं फिरलं. उपाशी होते, थकले होते, आणि समोर बसलेला हा माणूस स्वतःची कंबर मोडून दुसऱ्यांच्या सुतकाचा हिशेब करत होता. "तुम्हाला घरी जायचंय की नाही ते एकदा ठरवा!" मी बोलले. "ती बाई तिकडं एकोणीस वर्षं वाट बघतेय. चालत या म्हणतेय. चालत जाता येतंय तोवर जा ना! कुणी सांगितलंय तुम्हाला हे? कुणाच्या लक्षात तरी येतं का? सांगा, एकानं तरी कधी म्हटलंय का, भागवतराव, तुम्ही तेरा दिवसांचं लावलं नाही म्हणून?"

"न्हाई," ते म्हणाले. "कुणी न्हाई म्हणलं."

मग उठले, कंबर धरूनच. "जाऊ द्या मंग बिल. तुम्ही म्हणता ते खरं हाये. मीबी थकलो आता." दारात थांबून त्यांनी विचारलं, "त्यात फोन गुरुजींचाच हाये का?"

"तोच नंबर दिला होता तुम्ही."

"बरं," म्हणाले आणि गेले. जिना उतरताना कठड्यावरून त्यांचा हात घासत गेला तेवढं ऐकू आलं. मी डबा उघडला आणि गार पोळी तशीच बंद करून ठेवली.

एकतीस मार्चच्या संध्याकाळी शेवटची फाईल संपली. खरं म्हणजे घरी जायला पाहिजे होतं. पण राधेश्याम दोन तारखेला येणार होता आणि जुन्या घरांची यादी राहिली होती, म्हणून भागवतरावांनी माझ्याकडे ठेवलेली वह्यांची पिशवी उघडली. कुठलं घर कोणत्या साली लागलं एवढंच बघायचं होतं. त्यांची वही साधी. एका पानावर एक घर, एक महिना. तारखांची उभी ओळ, पुढे जार दिला की रेघ. पाच-सहा वह्या झाल्यावर माझ्या ध्यानात यायला लागलं. मधेच एखाद्या पानावर रेघा थांबायच्या आणि तारखांपुढे बारीक शून्यं यायची. मी मोजली. तेरा. दुसऱ्या वहीत दुसरं घर, तेरा. तुळशीवाले, तेरा. आंधळ्या कुत्र्याचे, तेरा. भांडखोर, तेही तेरा. शून्यांपुढे काहीच लिहिलेलं नाही, आणि खाली बेरीज फक्त रेघांची.

पुढची वही हातात घेतली तेव्हाच मला कळलं होतं मी काय शोधतेय. कोर्टवाले. ऑगस्ट महिना. आठ तारखेपर्यंत रेघा. नऊ तारखेपासून एकवीसपर्यंत शून्यं.

अण्णा नऊ ऑगस्टला गेले होते.

वीस रुपयांचा जार होता तेव्हा. अठरा रेघा, तीनशे साठ रुपये. मला ते बिल लख्ख आठवलं. अंबडहून कोर्टातली माणसं आली होती, गावाकडचे आले होते, अंगणात सतरंज्या पडल्या होत्या. रोज चार-चार जार लागायचे आणि ते कुठून येतात हे बघायला मला वेळ नव्हता. आणि महिनाअखेर बिल आलं ते नेहमीपेक्षा कमी. मी हिशेबाची बाई. मी बघितलं, मनात म्हटलं, चुकला बिचारा, आणि तीनशे साठ रुपये देऊन टाकले. वर बारा वर्षं त्याचा विनोद केला. त्यांच्या तोंडावर. दुसऱ्यांसमोर. आणि त्यांनी दर वेळी हसून "व्हतं कधी कधी" म्हटलं.

एकदा तरी सांगायचं ना, माणसा!

मला इतकी लाज वाटली की मी ऑफिसात एकटी असूनही तोंडाला पदर लावला. खाली दुकानदार भांडी आत घेत होता, त्याचा खणखणाट चालला होता. अण्णांसाठी मी त्या तेरा दिवसांत नीट रडलेही नव्हते, कामच इतकं होतं. ते त्या संध्याकाळी रडले, बारा वर्षांनी, पाण्याच्या वहीवर.

मग डोळे पुसले आणि कॉम्प्युटर उघडला. हार्मोनियमवाले. दिवसाआड जार, महिन्याला साडेचारशे रुपये ठरलेले. एकोणीस ते एकतीस, तेरा दिवस वजा. दोनशे एकसष्ट. आणि गुरुजींचा नंबर काढून तिथं माझाच नंबर टाकला, म्हणजे सकाळी सातला त्या घरात फोन वाजायला नको. भागवतरावांना काही सांगितलं नाही.

दोन एप्रिलला राधेश्याम आला. भागवतराव आधीच स्टुलावर येऊन बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. राधेश्यामनं यादीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. हळूहळू, एकेक ओळ. बोट थांबलं.

"मॅडम, हे काय? साडेचारशे, साडेचारशे, आणि हे दोनशे एकसष्ट?"

भागवतरावांनी झटकन मान वर केली. आधी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझी चूक," मी म्हणाले. "मार्चअखेरची गडबड. दिवस टाईप करताना एकतीसचे अठरा झाले."

"तुमची चूक?" राधेश्याम हसायला लागला. "मॅडम, तुमच्या हिशेबाला कुणी बोट लावत नाही, म्हणून तर मी कॉम्प्युटरच्या बिलाची अट घातली! आणि तुम्हीच?"

"झाली म्हटलं ना." माझे कान तापले होते. "गिऱ्हाईक पक्कं आहे. पाहिजे तर लिहून देते."

त्याला पाहिजे होतं. धंदेवाला माणूस, त्याचं काही चुकलं नाही. मी कोरा कागद घेतला आणि लिहिलं की सदर बिलातील चूक माझ्या हातून झालेली आहे, ग्राहकाचा संबंध नाही. खाली सही केली. पंचवीस वर्षांत असला कागद मी पहिल्यांदा लिहिला. राधेश्यामनं तो घडी घालून फाईलीत ठेवला, एकशे बारा घरांचा व्यवहार पक्का केला, आणि तारीख अक्षय तृतीयेची ठरवली. लाईनची बिलं पुढेही माझ्याकडेच राहतील, सगळं लावलेलंच आहे, असंही म्हणाला.

निघता निघता भागवतरावांनी त्याला विचारलं. आवाज अगदी बारीक. "एक हाये. घरात मयत झालं तर मी तेराव्यापर्यंतचं बिल लावत न्हाई. तुम्ही तेवढं..."

"काका, माझ्याकडं हजारांनी घरं आहेत. कुणाकडं कधी कोण गेलं, हे मी कुठं बघत बसू?"

भागवतरावांनी मान हलवली. तेही खरंच होतं.

तो गेल्यावर आम्ही दोघंच राहिलो. पंखा फिरत होता. भागवतराव माझ्याकडे बघत होते आणि मी उगाच कागद आवरत होते.

"ताई," ते म्हणाले, "तुमचाबी हिशेब चुकतो मंग."

"होतं कधी कधी."

ते कंबर धरून हसले. इतके हसले की त्यांना उठून उभं राहावं लागलं. मला माफी मागायची होती, वाक्य जुळवून ठेवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चहा घेणार का?" घेतला त्यांनी. दोन कप.

अक्षय तृतीयेनंतर ते गावी गेले. शेवटचा जार मी त्यांना वर आणू दिला नाही. दोघांनी मिळून एकेक पायरी चढवला, आणि माझ्यामुळे पहिल्यांदाच पाणी सांडलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "स्टँडपासून घरापोत्तर चालत गेलो, ताई. कौसल्या दारातच हुबी व्हती. म्हणली, आलात का. म्हणलं, आलो." मी म्हटलं, झोपा आता.

राधेश्यामचा माणूस आता जार आणतो. चांगला आहे, पण खालूनच आवाज देतो. एक तारखेला सकाळी सातला बिलं जातात. मी मात्र प्रत्येक महिन्याच्या तीस-एकतीसला संध्याकाळी बसते, सगळी यादी वरपासून खालपर्यंत बघते. कोण गेलं ते गल्लीत कळतंच. ते घर काढते, तेरा दिवस वजा करते, फोन नंबर तपासते. राधेश्यामकडून मी महिन्याला जी फी घेते, तिच्यातून तेवढी रक्कम कमी लावते. त्याला एवढंच दिसतं की बाई स्वस्तात काम करते. आणखी एक काम वाढलं, दुसरं काय. मान तर आधीपासूनच दुखत होती.

परवा निळ्या झालेल्या लाल गेटमधल्या वरदचा फोन आला. बँकेत साहेब आहे. त्याची आई गेल्या महिन्यात गेली.

"काकू, पाण्याचं बिल तुम्हीच करता ना? ह्या वेळेस कमी आलंय. मी मोजलं. तेरा दिवसांचं लागलेलंच नाही."

"असं का?"

"हो ना. आणि माणसं होती घरात, उलट जास्त जार लागले असतील. तुमच्याकडून चूक झालीय."

पंचवीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला वह्यांसकट समोर बसवलं असतं.

"झाली असेल," मी म्हणाले. "भर तेवढंच."

"जरा लक्ष देत जा, काकू."

बरं म्हटलं आणि फोन ठेवला.